छपरासाठी दिलेले ५०,००० आणि फादरांची बदली

पत्र:

मॅडम, आम्ही वसईच्या एका गावातले कॅथलिक. माझे मिस्टर बरीच वर्षं आखातात नोकरीला आहेत. दोन वर्षांपूर्वी ते सुट्टीवर आले तेव्हा देवळाच्या छपराच्या दुरुस्तीसाठी म्हणून त्यांनी ५०,००० रुपये रोख फादरांच्या हातात दिले. पावती मागायचं सुचलंच नाही. मागच्या वर्षी त्या फादरांची बदली झाली. छप्पर अजून गळतंय, फादरांच्या निवासात मात्र नव्या टाइल्स बसल्या, एसी लागला. नव्या फादरांना विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडे तशी काही नोंद नाही." सासूबाई दर महिन्याला सासऱ्यांच्या नावाने मिस्सा (देवळातली प्रार्थना) लावतात, पैसे देतात, आणि त्या एकाच मिस्सेत पंधरा-वीस नावं वाचली जातात. हे मी घरात बोलून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, देवाच्या अभिषिक्त माणसावर संशय घेणं पाप आहे. माझे दीर कॅनडाचे नागरिक झालेत. नाताळला येऊन देवळाला मोठी रक्कम देणार म्हणतात. आणि जानेवारीत त्याच देवळात माझ्या मुलीचं लग्न आहे. फादर लोक देवळाचा पैसा प्रामाणिकपणे वापरतात का? आम्ही देणं बंद करावं का? विचारायचं झालं तर कसं विचारू?

उत्तर:

ताई,

फादर प्रामाणिक असतात का, याला माझं उत्तर "बहुतेक असतात" असं आहे. पण त्या उत्तराचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. तुमचे जुने फादर संतपदाला पोचण्याइतके सज्जन असले तरी तुमच्या ५०,००० चं काय झालं ते त्यातून कळत नाही. आणि ते लबाड असले तरी, देवळाची वही नीट ठेवलेली असती तर ते आजवर उघडं पडलं असतं. तुमचा खरा प्रश्न वहीचा आहे. माणसाच्या मनात डोकावायची गरज नाही, वही उघडायची गरज आहे. हे एकदा धरलंत की सासूबाईंशी बोलणंही सोपं होईल आणि फादरांशीही.

आधी, काय घडलं असेल ते बघू. पैसे खिशात गेले, ही शक्यता मी नाकारत नाही. पण देवळांच्या पैशांत जे घोळ होतात त्यांतले बरेचसे त्या प्रकारचे नसतात. या खात्यातलं त्या खात्यात, असे असतात. तुमच्या मिस्टरांनी पाकीट दिलं, फादरांनी ते कपाटात ठेवलं, आठवड्याने ऑफिसात "देणगी" म्हणून जमा केलं. कुणाची, कशासाठी, काही लिहिलं नाही. मग पावसाळा आला, निवासाच्या भिंतीला ओल आली, बँकेत पैसे दिसत होते, काम काढलं. दरम्यान बदलीचं पत्र आलं. फादरांच्या मनात पाप नव्हतं, रुपया ना रुपया देवळाच्याच वास्तूत गेला, आणि तरी हे चूकच झालं. चर्चचा स्वतःचा कायदाच तसं म्हणतो. १९८३ च्या कॅनन लॉच्या १२६७ व्या कलमात स्पष्ट आहे की विश्वासूंनी, म्हणजे भाविकांनी, ठरावीक हेतूसाठी दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरता येतं. छपराचा पैसा छपराचाच. फादरांना निवासाची गरज कितीही निकडीची वाटली तरी तुम्हाला विचारल्याशिवाय तो वळवायचा अधिकार त्यांना नव्हता.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या फायद्याची. देवळाच्या प्रमुखाच्या हातात दिलेलं दान, उलट काही सिद्ध झालं नाही तर, देवळाला दिलेलं समजायचं. म्हणजे "ते त्यांनी मला व्यक्तिशः दिले होते" असं उद्या कुणी म्हणालं, तर ते सिद्ध करायची जबाबदारी म्हणणाऱ्यावर.

आता नव्या फादरांचं "नोंद नाही". हे वाक्य ऐकून तुम्ही परत आलात, तिथेच थांबलात. थांबू नका. प्रशासनाची सूत्रं हाती घेण्याआधी मालमत्तेची यादी करावी, ती तपासून सही करावी, एक प्रत देवळाच्या दप्तरात आणि दुसरी धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयात ठेवावी, असं १२८३ वं कलम सांगतं. जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवाव्यात आणि वर्षअखेरीस हिशेब तयार करावा, हे १२८४ वं कलम. तेव्हा नोंद फादरांच्या डोक्यात नसेल, पण ती असायची जागा त्यांचं डोकं नव्हतीच. कॅशबुक, पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती, बँकेचं पासबुक हे सगळं देवळाचं असतं, फादरांबरोबर बदलून जात नाही. मिस्टरांनी ज्या आठवड्यात पैसे दिले तो आठवडा आठवा. त्यांच्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून रक्कम काढल्याची तारीख बँकेत मिळेल. त्या तारखेच्या आसपास कॅशबुकात काय आहे, एवढंच बघायचं आहे.

आणि सगळ्यात सोपी गोष्ट तुम्ही केलेलीच नाही, किंवा केली असेल तर पत्रात लिहिलेली नाही. जुन्या फादरांना फोन करा. बदली म्हणजे काही परलोक नव्हे. याच धर्मप्रांतातल्या दुसऱ्या कुठल्यातरी देवळात ते असतील, फार तर तासाभराच्या अंतरावर. "फादर, छपरासाठी दिलेली रक्कम कुठल्या खात्यात जमा केली होती, नव्या फादरांना सापडत नाहीये", असं साधं विचारा. अर्धे गैरसमज इथेच मिटतात. न मिटणारे असतील तर त्यांच्या उत्तरावरून तेही कळतं.

सासूबाईंचं म्हणणं मला हसण्यावारी न्यायचं नाही. त्यांच्या पिढीने फादरांना भूक, दारू, सावकारी आणि निरक्षरता यांच्याविरुद्ध गावात उभं राहिलेलं पाहिलंय. शाळा, पतपेढ्या, दवाखाने कुणाच्या पुढाकाराने उभे राहिले ते त्यांना ठाऊक आहे. पण अभिषिक्ताची गोष्ट त्यांनी काढलीच आहे, तर बायबलातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातच त्यांना थोडं इकडेतिकडे वाचायला सांगा. "परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकणार नाही" असं दाविद म्हणतो ते शौल राजाला ठार मारण्याबद्दल, हिशेब विचारण्याबद्दल नाही. आणि ज्या शमुवेलाने शौलाला तेल ओतून अभिषेक केला, तो म्हातारपणी स्वतःहून लोकांपुढे उभा राहतो. मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाला फसवलं, कुणाकडून लाच खाल्ली, माझ्यासमोर सांगा, असं विचारतो. लोक साक्ष देतात की काही घेतलं नाहीस. बाराव्या अध्यायात आहे.

पौलाचं तर याहून स्पष्ट. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी न्यायची होती तेव्हा त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक माणूस घेतला. कारणही त्याने करिंथकरांना कळवलं: एवढ्या मोठ्या दानाच्या बाबतीत कुणी आमच्यावर ठपका ठेवू नये, आणि जे प्रभूच्या नजरेत नीट आहे ते माणसांच्याही नजरेत नीट दिसावं. पौलाला स्वतःच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका होती म्हणून नाही. प्रेषित असूनही त्याला साक्षीदार लागला, तर आपल्या गावच्या फादरांना का लागू नये? शिवाय येशूच्या बारा जणांत पैशाची थैली ज्याच्याकडे होती तो यहूदा त्यातून चोरत असे, हे योहानानेच लिहून ठेवलंय. पहिल्या शिष्यमंडळातही हिशेब तपासनीस असता तर बरं झालं असतं, असं माझं एक फाजील मत आहे.

देवळाच्या पैशाला आज साक्षीदार कोण? १९८३ पासून प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका देवळाच्या हद्दीत, आर्थिक समिती असणं सक्तीचं आहे, ५३७ वं कलम. धर्मग्राम परिषद वेगळी, ही वेगळी. तुमच्या देवळात ती असायलाच हवी. तिच्यात कोण कोण आहेत ते तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तुम्ही एकाही सभासदाचा उल्लेख केला नाही, म्हणून विचारते. आपल्याकडे या समितीचा अशक्तपणा दोन गोष्टींत असतो. एक, तिचा सल्ला फादरांवर बंधनकारक नसतो. दुसरी, सभासद बहुधा फादरच निवडतात, आणि ते "फादर म्हणतील तसं" म्हणणारे निघतात. कधी गावातला बिल्डर असतो, ज्याला पुढे देवळाचंच काम मिळतं. रविवारचं कलेक्शन कोण मोजतं, किती जण बसून मोजतात, मोजल्यावर सही कोण करतं, पैसे सोमवारी बँकेत जातात की कपाटात राहतात, चेकवर एक सही लागते की दोन, या प्रश्नांची उत्तरं देवळागणिक वेगळी मिळतात. काही फादर दर महिन्याला सूचनाफलकावर जमाखर्च लावतात, वर्षाचा ताळेबंद मिस्सेनंतर वाचून दाखवतात. काहींना ते सुचतही नाही. १२८७ वं कलम म्हणतं की विश्वासूंनी दिलेल्या दानाचा हिशेब विश्वासूंना द्यावा, धर्मप्रांताच्या नियमांप्रमाणे. म्हणजे फलकावर ताळेबंद लावणारे फादर उपकार करत नाहीत, आणि न लावणाऱ्यांकडे तो मागणं हा उद्धटपणा नाही.

थोडं आपल्याकडेही बघा. सणाच्या वर्गणीचा, बँडचा, फटाक्यांचा, लकी ड्रॉच्या कुपनांचा हिशेब फादरांकडे नसतो, आपल्याच पोरांच्या कमिटीकडे असतो, आणि तो कधी सादर होतो? मी ऐकलेल्या भांडणांत कसूर करणारे खजिनदार कमी नाहीत. तेव्हा झग्याकडे बोट दाखवून काम संपत नाही. गोव्यात देवळाचा निधी सांभाळणारी फाब्रिका पोर्तुगीज काळापासून चालत आली आहे. तिथे मुखत्यार, खजिनदार, लेखनिक हे गावातले लोकच असतात, अध्यक्ष फादर. तिथेही वाद होतात, पण निदान किल्ली एकाच खिशात नसते.

किल्ली एकाच खिशात राहिली की काय होतं ते वरच्या पातळीवर बघायला मिळालंय. सप्टेंबर २०२२ मध्ये जबलपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या बिशपांच्या घरावर मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने छापा टाकला. १ कोटी ६५ लाख रुपये रोख आणि परकीय चलन मिळाल्याचं जाहीर झालं, शाळांच्या फीचे पैसे वळवल्याचा आरोप ठेवून त्यांना अटक झाली. केरळात एर्नाकुलम-अंगमाली महाधर्मप्रांताच्या जमिनी विकल्या गेल्या, अपेक्षित रक्कम तिजोरीत आली नाही, आणि २०१७ च्या अखेरीस हे प्रकरण बाहेर काढलं ते तिथल्या फादरांनीच. मेजर आर्चबिशप कार्डिनल जॉर्ज अलेंचेरी यांनी आपण काही गैर केलं नाही असं कायम म्हटलं, वाद मात्र मिटला नाही, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते पदावरून दूर झाले. त्याच महिन्यात व्हॅटिकनच्या न्यायालयाने कार्डिनल अँजेलो बेच्चू यांना अफरातफरीबद्दल साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांनी अपील केलं. रोमच्या तिजोरीचा पैसा लंडनमधल्या एका इमारतीत अडकला, त्यातून हे सगळं सुरू झालं होतं. यांतला कोण किती दोषी ते न्यायालयं ठरवतील. मला यात दिसतं ते इतकंच की जिथे सल्लागार मंडळाला विचारणं म्हणजे वेळेचा अपव्यय असं ठरलं, तिथे पैसा गेला.

चर्चने काही धडा घेतला का? कागदावर तरी घेतला. ८ डिसेंबर २०२१ पासून कॅनन लॉचा शिक्षांचा भाग नव्याने लागू झाला, आणि चर्चच्या मालमत्तेची चोरी तर सोडाच, तिच्या कारभारात गंभीर हलगर्जी करणं हाही त्यात शिक्षापात्र गुन्हा झाला. म्हणजे "मनात पाप नव्हतं" ही सबब आता पूर्वीइतकी चालत नाही.

पण तुम्हाला रोमपर्यंत जायची गरज नाही. महाराष्ट्रात राहता, ते पुरेसं आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात मंदिर, मठ, अग्यारी यांच्याबरोबर चर्चही येतं. धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी, वर्षाला ऑडिट, आणि स्थावर मालमत्ता विकायची तर त्यांची पूर्वपरवानगी, हे सगळं चर्चला लागू आहे. ऑडिटरला जो अहवाल भरून द्यावा लागतो त्यातले प्रश्न एकदा वाचा, करमणूक होईल. हातातली रोकड आणि व्हाउचर हिशेबाशी जुळतात का? न्यासाचा पैसा न्यासाच्या उद्देशाबाहेर वापरला का? ५,००० रुपयांच्या वर खर्चाच्या दुरुस्तीसाठी किंवा बांधकामासाठी निविदा मागवल्या होत्या का? विश्वस्तांपैकी कुणी न्यासाचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? सभांचं इतिवृत्त ठेवलंय का? निवासाच्या टाइल्स आणि एसीचं उत्तर या प्रश्नांत कुठेतरी द्यावंच लागलं असणार. तुमचं देऊळ स्वतंत्र न्यास आहे की धर्मप्रांताच्या न्यासाखाली येतं, ते ऑफिसात विचारून घ्या. त्या न्यासाचे दाखल केलेले हिशेब धर्मादाय कार्यालयात अर्ज करून, फी भरून पाहता येतात, नक्कलही मिळते. हे मी धमकीचं हत्यार म्हणून सांगत नाही. दार आहे हे माहीत असलं की माणूस खिडकीतून ओरडत नाही, म्हणून सांगते.

मिस्सेचं प्रकरण सासूबाईंसाठी नाजूक आहे, म्हणून नीट सांगते. मिस्सेची किंमत नसते. पोप फ्रान्सिस यांनी ७ मार्च २०१८ च्या जाहीर प्रवचनात हे रोखठोक सांगितलं: अर्पण द्यायचं तर द्या, पण मिस्सा विकत मिळत नाही. आपण देतो ते अर्पण, त्याची रक्कम त्या प्रांताचे बिशप मिळून ठरवतात. प्रत्येक स्वीकारलेल्या अर्पणासाठी स्वतंत्र मिस्सा व्हावी हा मूळ नियम. फादरांनी एका दिवसात तीन मिस्सा केल्या तरी, नाताळचा दिवस सोडला तर, एकाच अर्पणाची रक्कम त्यांना स्वतःसाठी ठेवता येते, बाकीची बिशप सांगतील त्या कामाला जाते. आणि मिस्सांची एक वेगळी वही असते. कुणी, कोणासाठी, किती दिलं, मिस्सा झाली की नाही, हे तिच्यात लिहायचं असतं.

मग पंधरा-वीस नावं एका मिस्सेत कशी? त्याला सामूहिक हेतूची मिस्सा म्हणतात. १९९१ साली रोमने तिला मर्यादित परवानगी दिली, एप्रिल २०२५ पासून तिचे नियम नव्याने लागू झाले. त्यात मुख्य अट ही की, देणाऱ्याला आधी सांगितलेलं असावं आणि त्याने ते राजीखुशीने मान्य केलेलं असावं. त्या मिस्सेतूनही फादर एकाच अर्पणाएवढी रक्कम ठेवू शकतात. तेव्हा वीस नावं ऐकली म्हणजे वीस पाकिटं फादरांच्या खिशात गेली, असं गणित करू नका. पण सासूबाईंना कुणी विचारलं होतं का, ते त्यांनाच विचारा. त्यांना सासऱ्यांसाठी एकट्याची मिस्सा हवी असेल तर तसं ऑफिसात सांगायचं, तारीख लिहून घ्यायची. तारीख लांबची मिळेल, कदाचित आठवड्यातल्या सकाळच्या मिस्सेची मिळेल. आणि सासऱ्यांचं नाव इतरांच्या नावांबरोबर वाचलं तरी त्यांना चालणार असेल, तर मग तक्रारच उरत नाही. माझा अंदाज आहे, त्यांना चालतं. तुम्हाला चालत नाही.

एसीवरही एक वाक्य. धर्मप्रांताचे फादर गरिबीचं व्रत घेत नाहीत, ते घेतात जेझुइट, सलेशियन यांसारख्या संघांतले. धर्मप्रांतीय फादरांना साधेपणाने राहायला सांगितलेलं असतं, पण त्यांच्या नावावर वडिलोपार्जित वाडी असू शकते, भाऊ त्यांना एसी घेऊन देऊ शकतो. एसी कुणी घेतला ते बिलावरून कळेल. ज्याची वाच्यता बिल बघण्याआधी होते ती निंदा असते.

देणं बंद करू नका. बंद केलं तर सिस्टरांच्या दवाखान्याचं आणि गरीब मुलांच्या फीचंही बंद होतं, आणि छप्पर गळतंच राहतं. देण्याची पद्धत बदला. रोख हातात द्यायचं नाही, कुणाच्याही. चेक न्यासाच्या नावाने, आणि सोबत दोन ओळींचं पत्र: ही रक्कम छपराच्या दुरुस्तीसाठी आहे, काम न झाल्यास कळवावं. पावतीवरही "छप्पर" हा शब्द लिहून घ्यायचा. देवळात क्यूआर कोड लावला असेल तर स्कॅन केल्यावर मोबाइलवर कुणाचं नाव येतं ते बघायचं. न्यासाचं आलं तर ठीक, व्यक्तीचं आलं तर पैसे पाठवायचे नाहीत आणि त्याच दिवशी समितीला कळवायचं. पावती मागताना अवघडल्यासारखं होतं, मला कळतं. एकदा मागितली की दुसऱ्यांदा होत नाही. गावात तुमचा अगदीच विश्वास उडाला असेल तर काही काळ व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या तुमच्या शाखेला द्या. ती माणसं गरिबांच्या घरी जाऊन मदत करतात, आणि सभेत हिशेब मांडतात.

दिरांना मात्र आजच फोन करा, नाताळची वाट बघू नका. तुमचे मिस्टर भारतीय पासपोर्टवर आखातात आहेत, त्यांनी बँकेतून पाठवलेला पैसा परकीय देणगी ठरत नाही. दीर कॅनडाचे नागरिक झाले, त्यांनी दिलेली देणगी परकीय ठरते, डॉलरमध्ये दिली काय आणि वसईत येऊन रुपयांत दिली काय. ती घ्यायला देवळाच्या न्यासाकडे एफसीआरएची (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते. तिथून ती दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. दिरांनी प्रेमाने फादरांच्या हातात पाकीट ठेवलं तर अडचणीत देऊळ येईल. आधी बिशप हाऊसच्या प्रॉक्युरेटर ऑफिसला (धर्मप्रांताचा पैसा सांभाळणाऱ्या कार्यालयाला) विचारून घ्यावं.

विचारायचं कसं, ते आता. रविवारच्या मिस्सेनंतर दारात, चार बायकांच्या देखत नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही, तिथे एकदा टाकलेलं परत घेता येत नाही, आणि नव्या फादरांचा यात काहीच दोष नसताना ते पहिल्या दिवसापासून तुमच्याविरुद्ध उभे राहतील. जुन्या फादरांना फोन झाल्यावर ऑफिसच्या वेळेत, वेळ मागून जा. एकट्या जाऊ नका, मिस्टर इथे नसतील तर समितीतला एखादा सभासद किंवा दुसरे एखादे दाते सोबत घ्या. कागद नेऊन द्या, पोच घ्या. मजकूर फार नको:

"आदरणीय फादर, अमुक महिन्यात आम्ही देवळाच्या छपराच्या दुरुस्तीसाठी ५०,००० रुपये रोख दिले होते. त्या महिन्याच्या कॅशबुकातली नोंद आर्थिक समितीसमोर पाहून आम्हाला कळवावं, ही विनंती. रक्कम दुसऱ्या कामाला वापरली गेली असल्यास छपराच्या निधीत ती केव्हा वर्ग होईल, तेही कळवावं."

आरोप नाही, विशेषण नाही, जुन्या फादरांचं नावही नाही. महिनाभर वाट बघा. उत्तर आलं नाही तर त्याच पत्राची प्रत प्रॉक्युरेटरना, मग बिशपांना. आपलं म्हणणं धर्मपालांपर्यंत, म्हणजे बिशप-फादरांपर्यंत, पोचवण्याचा हक्क विश्वासूंना चर्चच्याच कायद्याने दिलाय. धर्मादाय कार्यालय सगळ्यात शेवटी. आणि मनाची तयारी ठेवा की नोंद सापडणारच नाही, असंही होऊ शकतं. पावती नसलेल्या रोख रकमेसाठी तुमच्याकडे बँकेतून पैसे काढल्याची तारीख आणि मिस्टरांचा शब्द, एवढंच आहे. ५०,००० परत येतील असं मी म्हणत नाही. पण त्या पत्रानंतर समिती कॅशबुक उघडेल, आणि पुढच्या पाकिटाला पावती फाटेल.

राहिलं मुलीचं लग्न. तुमच्या प्रश्नाचा राग धरून कुणी ते अडवू शकत नाही. ज्यांना कायद्याने अडथळा नाही त्यांना लग्न लावून मिळण्याचा हक्क आहे, फादरांच्या मर्जीची ती बाब नाही. तरीही तारीख, पुकारे (लग्नाची देवळातली जाहीर घोषणा), बाप्तिस्म्याचे दाखले, विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र हे सगळं आधी ऑफिसात जमा करून टाका, छपराचं पत्र त्यानंतरच्या आठवड्यात द्या. यात लबाडी काही नाही. दोन कामं दोन वेगळ्या दिवशी केली की कुणाला ती एकमेकांत गुंतवावीशी वाटत नाहीत. लग्नाच्या दिवशी फादरांना पाकीट द्यायचं की नाही हे तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात विषय निघेलच. द्या. फक्त लक्षात ठेवा, अशा प्रसंगी दिलेलं दान एरवी देवळाच्या खात्यात जातं. ते फादरांना स्वतःसाठी म्हणून द्यायचं असेल तर पाकिटावर तसं लिहा. देवळासाठी जे वेगळं द्यायचं ते ऑफिसात, चेकने.